मावशीला निळ्या प्रकाशाचं सांगितलं

मंडळी, आज दुपारी नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत प्रकाशानं चालू होणारं औषध घातलेल्या जिवंत पेशींवर निळा प्रकाश टाकला. जिथे प्रकाश पडला, तिथल्याच पेशींनी नको असलेलं प्रथिन स्वतः मोडून टाकलं. बाजूच्या पेशी जशाच्या तशा राहिल्या. पुढे कधीतरी असंच फक्त कॅन्सरच्या गाठीवर औषध चालवता येईल. दोन वर्षं हे जमत नव्हतं!

आनंदाच्या भरात कंधारच्या मावशीला फोन लावून सगळं सांगितलं. तिची केमोथेरपी चालू आहे.

ती म्हणाली, “माझ्या औषधानं तर चांगलं बी जळून राहिलंय. हा उजेड मला कधी मिळंल?”

“मावशी, अजून लई वर्षं लागतील.”

ती म्हणाली, “हाव. पण नीट कर बाई, घाई करू नको.”

माझ्या जागी तुम्ही असता, तर तिला सांगितलं असतं का?