मावशीची विमानाची बॅग: कुडव्याहून इटियाडोह, तिथून बिरसी

मी प्रवासाचा ब्लॉग लिहिते, त्यामुळे बॅगांमधलं मला सगळं कळतं असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. हा समज मीच जोपासलेला. म्हणून इटियाडोह धरणाजवळच्या गावाहून माझ्या मावशीचा फोन आला, तेव्हा मी जरा फुगूनच बोलले.

झालं असं, की मावशीची मुलगी मीनल हैदराबादला बाळंत झाली. पहिलंच बाळ, मुलगी. ऑपरेशन झालेलं, घरात दोघंच नवरा-बायको. मावशीला तातडीनं जायचं होतं आणि जावयानं गोंदियाजवळच्या बिरसीहून विमानाचं तिकीट काढलं होतं. आयुष्यातलं पहिलं विमान, तेही एकटीनं.

"बारशाले गोधडी नेतो वो, आईच्या लुगड्याची शिवली," मावशी म्हणाली. "थे मी माह्याच हातात ठेवीन. सामानात टाकाले देणार नाही."

विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाचे पंधरा किलो तर नव्या तांदळानंच भरले होते. म्हणजे उरली हातातली बॅग, सात किलोची. ती निवडायचं काम माझ्याकडे आलं.

शनिवारी कुडव्याहून, म्हणजे माझ्या घरून, गोंदियाच्या बाजारात गेले. दुकानदारानं दोन बॅगा पुढे ठेवल्या. एक कापडी, घडी करून खिशात जाईल इतकी हलकी. दुसरी चार चाकांची, कडक कवचाची, जांभळी.

"हलकी चाहिए तो ये लो मॅडम. पर इसमें चक्के नहीं हैं," तो म्हणाला.

मावशीचा गुडघा दुखतो. चाकं हवीतच, असा मी विचार केला. खरं सांगायचं तर जांभळा रंगही आवडला होता. विमानतळावर मावशी चारचौघींसारखी दिसावी, असं कुठंतरी मनात होतं. अडीच हजाराची बॅग घासाघीस करून दोन हजारांत घेतली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

रविवारी सकाळी गोंदियाहून बल्लारशा लाइनची गाडी पकडली. तुम्ही जाणार असाल तर एसटीपेक्षा गाडीच बरी, फक्त वेळ आधी बघून घ्या. स्टेशनबाहेर गरम आलुबोंडे मिळतात, ते खाऊनच बसा. धानाची कापणी होऊन गेलेली. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, लाखोरीची डाळ उगवून आली होती, मधूनच एखादा तलाव चमकून जायचा. दोनेक तासांत अर्जुनी आली. तिथून सीट भरेपर्यंत न हलणाऱ्या ऑटोनं मावशीच्या गावी. वेळ असेल तर पुढे धरणावर जाऊन या, पाणी बघून डोळे निवतात. मला वेळ नव्हता.

मावशीनं भात, लाखोरीची डाळ आणि वांग्याची भाजी वाढली आणि जेवता जेवताच सामान आणून मांडलं. डिंकाचे लाडू, बाळाची झबली, जवसाची चटणी, स्वतःच्या दोन साड्या, एक जुनं सुती लुगडं, औषधं आणि गोधडी. गोधडीला निळ्या दोऱ्याचे टाके होते. माझ्या आजीचं ते लुगडं मला आठवत होतं. मी हात फिरवत बसले.

मग मावसाजींनी धानाचा काटा काढला. मावसाजी म्हणजे मावशीचे यजमान. धान विकताना ते काट्यापासून नजर हलवत नाहीत. त्यांनी आधी रिकामी बॅग अडकवली. दोन किलो आठशे. मग भरलेली अडकवली. नऊ किलो आठशे.

"बारदाना वजा," ते म्हणाले. "माल सात किलो. बरोबर बसला!"

बारदाना म्हणजे पोतं. आमच्याकडे धान मोजताना पोत्याचं वजन कापूनच घेतात, हे लहानपणापासून बघत आलेय. त्यामुळे मीही मान डोलावली. तीन वर्षं प्रवासाचा ब्लॉग लिहिणाऱ्या बाईनं मान डोलावली, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

त्याच गाडीनं दुपारी तिघंही कुडव्याला माझ्याकडे आलो आणि दुसऱ्या दिवशी ऑटो करून बिरसीला. ऑटो आधी सांगून ठेवा, परतीला तिथून सहज मिळत नाही. मावशी आत गेली. आम्ही दोघं काचेच्या दाराबाहेर उभे राहिलो. पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"थे काउंटरवरची पोरगी नऊ किलो आठशे म्हणते. बॅगचं वजन कापतच नाही म्हणते!"

मावसाजींचा चेहरा उतरला. "मीच चुकलो," ते हळूच म्हणाले. चूक माझी होती. जास्तीच्या किलोमागे पैसे भरा, नाहीतर काढून ठेवा, असं काउंटरवर सांगितलं होतं. मावशी बॅग ओढत दारापाशी आली. गेटवरच्या जवानाला तिची दया आली असावी, त्यानं दार धरून ठेवलं.

"लाडू काढ," मी म्हणाले. "चटणी काढ. पैसे मी भरते."

"पैसे कायले? आणि मीनल बायतीण, थे काय खाईल?"

"मग गोधडी..." माझ्या तोंडून निघून गेलं. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं गिळलं.

ती खाली बसली, दुखऱ्या गुडघ्यासकट. बॅग उघडून सगळं बाहेर काढलं. सुती लुगडं चौपदरी करून पसरलं, मधोमध गोधडी, तिच्यावर बाकी सगळं. चार टोकं ओढून अशी गाठ मारली, की तांदळाचा दाणा सुटायचा नाही.

"बारदाना वजा होत नाही, त बारदानाच कायले नेऊ?" म्हणत तिनं जांभळी बॅग दाराबाहेर माझ्याकडे ढकलली.

मागून चाकांच्या बॅगा घेऊन लोक येत होते, बघत होते. मला लाज वाटली. मग लाज वाटली याचीच लाज वाटली. मावशी गाठोडं काखेत मारून परत गेली, मागे वळूनही न बघता.

फोन आला तेव्हा मावसाजींनी माझ्या हातातून तो ओढूनच घेतला.

"किती भरलं?"

"सात किलो. काटा हालला नाही."

"मी म्हटलं होतं!" मावसाजी त्या जवानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. डोळे पुसले आणि मला चहा पाजला.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते माझ्या सगळ्या बॅगा रिकाम्या तोलल्या. तुम्हीही तोला. चाकं, दांडा, कवच, सगळं तुमच्या सात किलोतूनच जातं. एवढं साधं दुकानदारानं मला सांगितलं होतं. जांभळी बॅग कपाटावर आहे, आत हिवाळ्याचे स्वेटर.

महिन्यानं मावशीला विचारलं, "येताना काय आणशील? बॅग पाठवू का कुणाबरोबर?"

"नको वो," ती म्हणाली. "रिकामीच येतो. गाठोड्याच्या लुगड्याची पोरीले झोळी बांधली. तिच्यातच झोपून राहिली."