परदेशी कंपनीचं स्थळ

माझे बाबा दिग्रसच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, सरकीपासून रुई ओढायची, दोन अंगठ्यांत धागा ताणायचा आणि मालाची प्रत सांगायची. त्या काळी कापूस सरकारशिवाय कुणाला विकताच येत नसे, त्यामुळे बाबांपुढं भल्याभल्यांचं काही चालत नसे. पुढे केंद्र बंद पडलं, सवय मात्र गेली नाही. वांगी असोत की स्थळं, बाबा प्रत लावल्याशिवाय राहत नसत. माझी आधीची दोन स्थळं त्यांनी ‘फरदड’ म्हणून, म्हणजे हंगाम सरताना निघणारा हलका कापूस म्हणून, परत पाठवली होती.

तिसरा मुलगा कापसातून सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि ते जिनिंग एका परदेशी कंपनीनं विकत घेतलेलं. मी त्याला बसस्टँडवर दोनदा पाहिलं होतं. मला तो आवडला होता, अगदी मनापासून. तो नापास होऊ नये म्हणून मी पोह्यांत शेंगदाणे दुप्पट टाकले.

तो घरच्यांसह आला. मी पोहे घेऊन बाहेर गेले तोवर बाबांची तोफ सुरू झाली होती.

“आपल्या घरच्या कपाशीले इलायती मालक कायले पाह्यजे?”

“काकाजी, तुमच्या केंद्रावर गाड्या आठ-आठ दिवस उभ्या राह्यत होत्या,” तो म्हणाला. “आमच्याकडं सकाळची गाडी दुपारी खाली होते.”

“भाव त ठरलेला होता न! तुमचा भाव कोणत्या देशात ठरते, सांगा बरं.”

बाबांनी लगेच कोनाड्यातला कापूस त्याच्या हातावर ठेवला.

“मशीन नाही आणली न? मंग हातानं सांगा.”

त्यानं धागा ताणला. “एकोणतीस मिलिमीटर.”

“तीस!”

दोघंही उठून खिडकीच्या उजेडात गेले आणि धागे ओढत बसले. मुलगी पाहायला आलेला माणूस कापूस पाहून राह्यला होता! खरं सांगते, मला रागच आला. नवी साडी मी काय खिडकीसाठी नेसले होते?

“हात चांगला आहे,” शेवटी बाबा म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. “पण कंपनी उद्या गाशा गुंडाळून आपल्या देशी जाईन. मंग माह्या पोरीनं काय करायचं?”

इतक्या वर्षांच्या त्यांच्या चिडचिडीखाली ही भीती होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलानं हातातला धागा खिडकीत ठेवला. मग म्हणाला, “काकाजी, सरकारबी त गेलं केंद्र बंद करून. तुमी गेले का काकूले सोडून?”

आईला हसू आवरेना. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले.

“बाई,” ते मला म्हणाले, “आतून साखर आण.”

मी डबाच उचलून आणला.