भोंग्यानं आणलेला मंगळ

नशीब वरून लिहून येतं म्हणतात. माझं बमरोलीतल्या एका मिलच्या भोंग्यातून आलं. मी जन्मले तेव्हा आमच्या खोलीत घड्याळ कुठलं! सुईणीनं मला उचललं आणि दुपारची पाळी सुटल्याचा भोंगा झाला. मायनं तेवढं लक्षात ठेवलं, भटजींनी पाळी सुटायची वेळ धरून पत्रिका मांडली आणि मंगळ महाराज ऐसपैस माझ्या सातव्या घरात येऊन बसले. खानदेशातून सुरतेला आलेल्या आमच्या अख्ख्या गल्लीच्या पत्रिका अशाच. ग्रह आकाशात फिरत असतील, आमच्याकडे ते मिलच्या शेठला विचारून फिरायचे.

पुढे नव्वद सालाच्या सुमारास मला गल्लीतलाच एक मुलगा आवडला. कतारगामला हिरे घासायचा. त्यालाही मी आवडायचे. त्याचे वडील आणि माझे आप्पा एकाच मिलमध्ये, शेजारशेजारच्या मागांवर. सगळं जुळलं, मग पत्रिका निघाल्या आणि त्याच्या आईनं हात वर केले. मंगळाची सून आणून तिला मुलगा गमवायचा नव्हता. तो दिवसभर कारखान्यातली धूळ गिळत होता, त्यानं म्हणे काही होणार नव्हतं. धोका फक्त माझा.

मी रडून घर डोक्यावर घेतलं. मायनं नशिबात असेल तेच होईल म्हणून सांगितलं आणि भाकरी थापायला घेतली. आप्पा जेवत होते. ते शांतपणे म्हणाले, "तो भोंगा कधी टायमावर झालाय का?"

पाळी सुटायच्या आधी शेठ मिलचं घड्याळ मागे सारायचा. प्रत्येक पाळीला पाव तास फुकटात काम. हे सगळ्या कामगारांना ठाऊक होतं आणि सगळे त्याला शिव्याही घालत. त्याच भोंग्यावर पोरांच्या पत्रिका मांडल्यात, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा मुलाच्या वडिलांना घेऊन भटजींकडे गेले. मागोमाग मीही गेले. भटजींनी माझी वेळ पाव तास पुढे सरकवली, बोटं मोजली, आणि इतकी वर्षं मुक्काम ठोकलेला मंगळ मुकाट्यानं उठला. मला हसावं की रडावं कळेना.

पण भटजी पडले काटेकोर. मुलाची वेळही भोंग्याचीच होती. ती पुढे सरकवली तर मंगळ थेट त्याच्याकडे जात होता आणि लग्न पुन्हा मोडत होतं. त्यांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, पोराचीही वेळ चुकलेलीच का?

त्या माणसाचं सगळं आयुष्य त्याच घड्याळाखाली गेलं होतं. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्याना टायमाले घड्याळ बराबर व्हतं," ते म्हणाले.

आप्पांनी मान डोलावली. एवढ्या वर्षांत शेठ एकच दिवस प्रामाणिक वागला, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याच्या जन्माचा.