वारुळातली राणी

जिंतूरकडं आमच्या शेताच्या बांधावर एक वारूळ होतं. नागपंचमीला आमी बाया त्याला हळदकुंकू वाहायचो, लाह्या टाकायचो. माझी कूस उजवंना, म्हणून वैदूनं सासूला सांगितलं, वारुळातली राणी काढून सुनेला गिळायला द्या. पंचमी सरली आन् त्याच वारुळावर कुदळ चालली. पूजा केलेल्या हातानंच मी माती उपसली. काय म्हणावं आता!

राणी बोटाएवढी निघाली, पांढरी, फुगलेली. तिला जागचं हलता यीना. वाळवीचे बारके किडे तिला चारत होते, अंडी उचलून नेत होते. गुळात गुंडाळून मी ती गिळली. झालं काहीच न्हाई.

तवा निजामाचं राज्य. धाकटा दीर हैदराबादेत शिकायला होता, तो सुट्टीला आला. उर्दूतून शिकलेलं मराठीत सांगायची त्याला लय हौस. वारुळाचं ऐकून जेवताना सासूला सांगायला लागला, की त्या राबणाऱ्या किड्यांना लेकरं होतच नसतात. मग त्यांची जात चालती कशी? तर ते आईचीच लेकरं वाढवतात, म्हंजी आपलीच भावंडं, रक्त एकच. जिच्या पोटी असे राबणारे निपजले, तिचंच घर लाखो वर्षं टिकत आलं. मी चुलीपाशी भाकरी थापायले होते.

सासूनं बाकी सगळं सोडून रक्त तेवढं धरलं. सवत आणायचीच तर परकी कशाला, हिचीच धाकटी बहीण आणू, असं ठरवून तिनं माझ्या माहेरी निरोप धाडला. नवऱ्यानं मला इचारलंसुद्धा न्हाई. दिराचा असा संताप आला की त्याच्या ताटात भाकरी आदळली. तो गांगरून म्हणाला, "वैनी, मी किड्यांचं बोलायलो होतो."

माझं मागणं एकच होतं. कुणीबी आणा, मला माहेरी धाडा, पण माझी बहीण नको. तिला मी कडेवर वाढवली, असं सासूच्या पायाशी बसून सांगितलं.

"म्हणूनच तर," सासू म्हणाली.

बहीण आली. मग एकामागं एक लेकरं झाली. त्यांचं न्हाणं, खाणं, दुखणं, वर कापूस वेचणं, सगळं माझ्याकडं. लेकरं मला मोठी आई म्हणायची. गावातल्या बाया म्हणायच्या, नशीब काढलंस. मला ना राग यायचा, ना रडू. हात तेवढे चालायचे.

शेवटच्या बाळंतपणात बहीण अंधाऱ्या खोलीत बाजेवर पडून होती. अंग सुजलेलं, तोंड पांढरंफटक. कूससुद्धा बदलता येत नव्हती. मी चमच्यानं पेज पाजायले होते. दोन घोट घेऊन तिनं माझा हात बाजूला केला आन् माझ्याकडं बघत राहिली.

"अक्का, तू सुटलीस," ती म्हणाली.

मी रडायला पाहिजे होतं. वाटी खाली ठेवली, तिच्या कुशीतलं लेकरू उचललं आन् न्हाऊ घालायला घेऊन गेले.