वेणीसाठी जागा

परवा माळ्यावरचा जुना रेडिओ काढून सुरू केला. आवाज काही आला नाही, पण आतली धूळ तापून एक कोरडा, किंचित करपल्यासारखा वास खोलीभर पसरला. नाकाची स्मरणशक्ती डोक्यापेक्षा पक्की असावी. कारण मी तेथल्या तेथे देवासला जाऊन पोचले, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या मामाच्या घराच्या मागच्या खोलीत. मे महिन्याची दुपार, कूलरच्या ओल्या गवताचा गारवा, आणि सतरंजीवर झाकण उघडून ठेवलेला गेमचा कन्सोल, ज्याच्यावर माझा मामेभाऊ, आमचा दादा, वैद्याने नाडी धरावी तसा वाकलेला.

आम्ही धारचे. मराठ्यांच्या दरबाराबरोबर आलेलं घर, त्यामुळे आमची मराठी पेटीतल्या शालूसारखी, घडी न मोडलेली. मामा मात्र कारखान्याच्या नोकरीसाठी देवासला आलेला, आणि त्याच्या पोरांच्या तोंडी मराठी, हिंदी, माळवी यांची अशी मस्त खिचडी शिजलेली असे की आई कपाळाला हात लावायची. मला ती खिचडी फार आवडायची. उन्हाळ्याची सुटी लागली की इंदूरला बस बदलून मी देवासला येई आणि गल्लीतल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळे. खरं तर त्यांचा एक गडी कायमचा पीपलरावां गावी राहायला गेला होता आणि अकरावा भरायला कुणी नव्हतं, म्हणून मला घेतलेलं. मुलगी, त्यात कमरेपर्यंत वेणी. कुणी खूश नव्हतं, पण मी बाद लवकर होत नसे, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

त्या वर्षी दादाच्या डोक्यात एक भलतंच आलं. त्याच्या कन्सोलमध्ये चिप बसवलेली होती, म्हणजे घरी लिहिलेली डिस्कही त्यावर चालत असे. बाजारच्या क्रिकेटच्या गेममधले परदेशी खेळाडू काढून तिथं आमची गल्ली घालायची, असं त्यानं ठरवलं. कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा घेऊन तो आम्हा एकेकाला भिंतीशी उभं करून फोटो काढी, मग कॉम्प्युटरवर दिवसचे दिवस बसून तो चेहरा बोटभर उंचीच्या खेळाडूवर चढवी. आणि एका दुपारी पडद्यावर आमचा गोलंदाज, तोच वाकडा दात घेऊन, धावत आला! खोलीतले सगळे पडद्याकडे सरकले. देवळातसुद्धा इतकी शांतता मी पाहिली नव्हती.

माझी पाळी आली. पडद्यावर मी मैदानात उतरले, पाठीवर वेणी हलली, आणि सगळं जागच्या जागी गोठलं. प्रेक्षकांचा आरडाओरडा एकाच सुरात अडकून राहिला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी कुणीतरी बोललंच, “भिया, इसको निकाल दे यार. पनौती है ये.”

मी हसले, पण आतून पार खचले. गेममधून काढलं की गल्लीतूनही काढणार, हे मला कळत होतं.

दादा कुणावर रागावला नाही. “मशीन को क्या मालूम कोण मुलगा, कोण मुलगी,” एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. आधी कन्सोलमधलं डिस्क वाचणारं भिंग पुसलं. मग कन्सोल आडवा, उभा, उलटा करून पाहिला. डिस्क पुन्हा अगदी सावकाश लिहिली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा नेम. मग त्यानं माझा चेहरा सलामीच्या फलंदाजाला दिला आणि त्याचा मला. आता सलामीवीर येताच सगळं अडकलं. दोष खेळायच्या क्रमांकात नव्हता, माझ्या चित्रात होता. त्यानं माझी वेणी पुसली. मी मैदानात आले, चेंडू खेळले, धावलेसुद्धा!

“गेममध्ये चित्रांसाठी जागा मोजकीच आहे,” दादा म्हणाला. “सगळ्यांचा एक एक चेहरा. तुझी वेणी वरून जास्तीची. ती मावत नाही.” मग त्यानं विचारलं, “काढून टाकू?”

“काढ,” मी म्हटलं आणि वेणी पुढे घेऊन मुठीत धरली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. “रुक जरा,” म्हणाला, “मी बघून घेतो.”

दोन दिवसांनी त्यानं सगळ्यांना बोलावलं. मी मैदानात उतरले आणि वेणी झुलवत दुसऱ्याच चेंडूला षटकार मारला. ज्यानं पनौती म्हटलं होतं तोच सर्वांत मोठ्यानं ओरडला. मला अभिमानानं रडू फुटलं. दादानं हे कसं साधलं, ते मात्र त्या गोंधळात विचारायचं राहून गेलं.

दिवाळीच्या सुटीत मी पुन्हा देवासला गेले, तेव्हा गेममध्ये पहिल्यांदाच आमच्या संघानं कप जिंकला. पडद्यावर सगळ्यांनी हेल्मेट, टोप्या काढल्या आणि रांगेत उभे राहिले. दहा चेहरे ओळखीचे. यष्टिरक्षकाला मात्र डोळे नव्हते, नाक नव्हतं, तोंड नव्हतं. नुसता गव्हाळ, कोरा गोळा. आमचा यष्टिरक्षक म्हणजे दादा.

“दादा, तुझं तोंड?”

“तुझ्या वेणीत गेलं,” कुणाच्या तरी बिघडलेल्या रेडिओतली तार डाग देऊन जोडत, मानही वर न करता तो म्हणाला. “कीपरला काय गं, सारा वक्त हेल्मेट. कोण बघतं?”

मी पुढे बरीच मोठी माणसं पाहिली, त्यांचे मोठे त्यागही ऐकले, बहुधा त्यांच्याच तोंडून. पण अवाक् मी त्या दुपारी झाले होते, तशी पुन्हा झाले नाही.

तो कन्सोल केव्हाच भंगारात गेला. दादा आता टक्कल आणि चष्मा सांभाळत असतो. मागच्या महिन्यात त्याची लेक घरी आली होती. “आत्या, पापा तेव्हा कसे दिसायचे?” तिनं विचारलं. मी अल्बम काढला. भिंतीशी उभी असलेली सगळी गल्ली त्यात आहे, वेणी पुढे घेतलेली मीही आहे. दादा कुठंच नाही, कॅमेरा कायम त्याच्याच हातात असायचा. मी अल्बम मिटला, तिला जवळ बसवलं आणि सांगू लागले: कपाळ रुंद, डावी भुवई मधेच तुटलेली, हसताना आधी डोळे हसायचे, मग ओठ.