झाडून काढलेलं रान

हात वर करून, तळवा आमच्याकडे धरून बाई म्हणायच्या, "हळू. आत मंडळी आहेत." रानात शिरताना! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाबडेपणाने चपला काढल्या. करवंदीचा काटा टाचेत गेला.

"घाल त्या चपला मेल्या, देवळात नाही आलास," बाई म्हणाल्या.

निवृत्त झाल्यावर जास्तच कामाला लागणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाईंनी उभा जन्म कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. मी नगरपरिषदेत उद्यान विभागाचा कारकून. मला झाडं ओळखू येतात ती फक्त कुंडीतली. भाट्याच्या खाडीवर, कातळाच्या उघड्या सड्याच्या कडेला नगरपरिषदेचं राखीव रान आहे. तिथे वाहनतळ करायची टूम निघाली. त्याआधी रानात काय काय जगतं ते पाहायचं ठरलं आणि काम बाईंकडे आलं. फारसं काही सापडलं नाही, तर रान जाणार होतं.

बाईंनी सुतळीने चौकोन आखून ठेवले. आता माझा पराक्रम ऐका. पाहणी म्हटली की आधी साफसफाई, हे आमच्या हाडात भिनलेलं. मी आदल्या दिवशी माणसं लावून नेमके तेच चौकोन झाडून घेतले. पालापाचोळ्याचा कोपऱ्यात ढीग लावला. वर झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे.

सकाळी बाई आल्या. "हे कोणी केलं?"

"मीच की!" मी छाती काढून म्हणालो.

"लग्न आहे का रे कोणाचं?"

मग त्या दगडावर बसल्या. आवाज पार उतरला. "अरे, ज्यांना मोजायचं त्यांचीच घरं झाडलीस. सोमवारी अहवाल द्यायचाय. लिहू काय?"

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "बाई, ढीग अजून जाळला नाहीये."

त्या ताडकन उठल्या. दिवसभर आम्ही त्या ढिगातलं एकेक पान उचलत बसलो. वाणी किडा, गोम, सापसुरळी, बोटाच्या पेराएवढा बेडूक. पाठीवर पिल्लं घेतलेली विंचवीण निघाली तेव्हा मी वहीसकट उडालो.

"तिची नोंद कर. तुझी नको," बाई म्हणाल्या.

पण माझीही नोंद झाली. ढीग कसा लागला, कोणी लावला, सगळं त्यांनी अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं. सभेत हशा पिकला. पण यादी लांबलचक होती. वाहनतळ दुसरीकडे गेला.

पुढे बाई लेकीकडे नाशिकला गेल्या. दर रविवारी फोन यायचा, "काय दिसलं रे?" सांगायला काहीतरी हवं म्हणून मी रानात जायला लागलो. मी वर्णन करायचं, त्यांनी नाव सांगायचं.

यंदा श्रावणात फोन आला तो लेकीचा.

त्या रविवारीही गेलो. एक पक्षी दिसला. घरी येऊन बायकोला वर्णन सांगितलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" पण गॅस बारीक करून तिने शेवटपर्यंत ऐकलं.

मग वहीत लिहिलं: निळसर, लांब शेपटी, खाडीकडे उडाला. नावाची जागा मोकळी ठेवलीय.