बॉडी सेट झाली

यंदाचा मोसम कसा गेला, असं कुणी विचारलं की मी डाव्या नडगीकडे बोट दाखवते. ते सोपं पडतं. नडगी मोडली हे सगळ्यांना कळतं. ती का मोडली हे सांगायला लागलं की ऐकणारा पुरुष असला तर मोबाइल काढतो, आणि बाई असली तर म्हणते, हळू बोल.

मी दहा हजार मीटर पळते. पळते म्हणायचं की पळायची, हे अजून ठरायचं आहे. अकोल्यात आम्ही सराव करतो त्या मैदानावर निम्मी गर्दी पोलीसभरतीवाल्यांची. भरती झाली की त्यांचं पळणं संपतं. आम्हा लांब पल्ल्याच्या पोरींचं संपत नाही, म्हणून आम्ही स्वतःला जरा वरच्या समजायचो. आमच्यात एक समजूत होती, पाळी बंद झाली की पोरगी तयार झाली. ‘बॉडी सेट झाली’ म्हणायचो आम्ही त्याला. सिनियर ताईंनी आम्हाला सांगितलं, त्यांना त्यांच्या सिनियर ताईंनी. पावसाळ्यात माझी बंद झाली तेव्हा एकीने पाठीत थाप मारली, “आता तू खरी रनर झाली वं.” मला खरंच आनंद झाला. दर महिन्याची कटकट गेली, वजन उतरलं, वेळही सुधारली. सर वजनकाटा बघून मान डोलवायचे. आकडा का उतरतोय हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायची आमची टाप नव्हती.

हिवरखेडला घरी गेले की माय रोडगे आणि वांग्याची भाजी करायची आणि मी काकडी चावत बसायची. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. दिवाळीत तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

“काहून वं, किती महिने झाले, बाजूला बसलेली दिसली नाही तू. काही भानगड तं नाही ना?”

“माय, भानगड करायले टाइम कुठं आहे मले?”

ती हसली नाही. “मंग दवाखान्यात चाल.”

मी गेले नाही. एवढी चांगली गेलेली गोष्ट डॉक्टरकडून परत कशाला आणायची?

थंडी पडली आणि नडगी ठणकायला लागली. मैदानावर त्याला एकच औषध सांगतात, पळून जिरव. मी जिरवत राहिले. अमरावतीच्या क्रॉस-कंट्रीत शेवटच्या फेरीला मी तिसरी होते, आणि पुढच्या दोघींचे खांदे पडलेले दिसत होते. उतारावर पाय टाकला आणि आतून आवाज आला, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. मी पडले. मला दुखण्याआधी राग आला. मागून येणाऱ्या सगळ्याजणी मला ओलांडून गेल्या.

तिथल्याच एका दवाखान्यात डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला आणि पायाचं सोडून भलतंच विचारलं, “पाळी कधीपासून नाही?” मी ऐटीत सांगितलं. मग आणखी तपासण्या झाल्या.

“पोटात पुरेसं अन्न नाही, म्हणून शरीराने पाळी बंद केली. आणि ती बंद, म्हणून हाडं ठिसूळ होत गेली. तुझ्या आईची हाडं तुझ्यापेक्षा बरी असतील.”

निरोप मिळाल्यावर हिवरखेडहून आलेली माय शेजारीच उभी होती. तिने माझा दंड धरला. मला परत पळता येईल का, असं मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “आधी पाळी येऊ दे. तरी हाडं पुरती भरून येतीलच असं मी सांगणार नाही.”

आता पाय जुळलाय. मी समोर येईल ते खाते. पाळी आलेली नाही. पूर्वी मी घड्याळाला भ्यायची, आता सकाळी उठल्यावर कोऱ्या कपड्याला भिते.

परवा सरांनी नव्या मोसमासाठी सगळ्यांना गोल उभं केलं. ज्याने-त्याने आपलं टार्गेट मोठ्याने सांगायचं. कुणी राज्यातलं पदक म्हटलं, कुणी विद्यापीठाची टीम. सांगायची पाळी माझ्यावर आली तेव्हा माझ्या डोक्यात ती दुसरीच पाळी होती, न आलेली.

“मले पाळी यायले पाहिजे, सर,” मी म्हणाले. “बाकी काही नाही.”

पोरं बुटांकडे बघायला लागली. सरांनी शिटी तोंडात धरली, पण वाजवली नाही. “पुढची,” ते म्हणाले.

पुढची आमच्यातली सगळ्यात जोरात पळणारी. नव्या मोसमात राज्यात तीच पहिली येणार असं सगळेच म्हणतात.

“माही बी नाही येत, सर,” ती म्हणाली. “लय दिवस झाले.”

आपण एकट्या नाही म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मी तिच्या नडग्यांकडे बघत राहिले. उद्या पळू नको, हे तिला कुणी सांगायचं तेच मला कळेना.